वजनाचं जाकीट

आमचं भाजीचं दुकान तेलंगणातल्या गुडीहत्नूरला, हायवेच्या कडेला. मागे थोडं वावर आहे, त्यात वांगी, टमाटे, कोथिंबीर. शाळेत असल्यापासून टमाट्याचे भरलेले क्रेट मीच टेम्पोतून उतरवायची. उंची वडिलांच्या बरोबरीची, खांदे रुंद. माय लोकांसमोर म्हणायची, "पोट्टी आहे का हमाल आहे वं तू?" पण म्हणताना तिच्या आवाजात कौतुक असायचं, कारण माझ्या जिवावर एका माणसाचं काम निघत होतं.

पोहायला मी विहिरीत शिकले. त्या पोहण्यामुळेच माझी निवड झाली. जिल्ह्यातल्या एका धरणावर पाण्याच्या खेळांचं केंद्र सुरू झालं होतं. शाळेतल्या खेळाच्या मॅडमनी मला चाचणीला नेलं. सागाच्या जंगलातून रस्ता उतरत जातो आणि एकदम पाणी दिसतं, मोठं, पलीकडचा काठ धूसर. काठावर काही नावा होत्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये लांब फळ्या रचून ठेवल्या होत्या. फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं, आणि वारा नेईल तसं जायचं. विंडसर्फिंग हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला.

केंद्राच्या होस्टेलमध्ये बहुतेक मुली तेलुगू बोलणाऱ्या. मराठी आम्ही दोघीच. दुसरी वांकिडीकडची. तिच्या घरी कापूस आणि ज्वारी, ती घरातली थोरली. इतकी बारीक की तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. गावाजवळच्या नाल्याच्या डोहात ती लहानपणापासून पोहत होती आणि पाण्यात तिला कुणाचीच बरोबरी नव्हती. पहिल्या दिवशी माझ्याकडे वर मान करून म्हणाली, "तू तं मले एका हातानं उचलशीन वं."

मी उचललं. खोलीभर हसणं झालं. त्या दिवसापासून आमचे पलंग शेजारी लागले.

शिकवणारे सर बाहेरचे, समुद्रावर शिकलेले. आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांना आपलं काम येत होतं, हे मी आजही म्हणते. त्यांच्याकडे दंडाला बांधायचं एक घड्याळ होतं, ते वेग दाखवायचं. पाण्यावरून परत आलं की सर आधी घड्याळ पाहत, मग आपल्या तोंडाकडे.

या खेळात वेग कसा येतो ते मी तिथे शिकले. वारा मंद असला की फळी पाण्यात बसलेली असते आणि पाणी कापत रखडत जाते. वारा थोडा वाढला की ती उठते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरायला लागते. याला आम्ही फळी सुटणं म्हणायचो. तिच्यावर उभं असलेलं माणूस हलकं असेल तर फळी लवकर सुटते. जड असेल तर मागचं टोक पाण्यात रुतून राहतं. आमच्या धरणावर सकाळी वारा मंद असायचा. वांकिडीवालीची फळी सुटून निम्म्या पाण्यापर्यंत जायची, तेव्हा मी अजून काठाजवळ शीड हलवत, पंप करत उभी असायची.

दुपारी मात्र उलट. उन्हाळ्यात डोंगरावरून गरम वारा उतरायचा, झटक्याझटक्यानं. मोठं शीड वाऱ्यानं भरलं की माणसाला ओढून पुढे फेकायला बघतं. मग कमरेच्या पट्ट्याचा हुक शिडाच्या आडव्या कमानीला बांधलेल्या दोरीत अडकवायचा आणि अख्खं अंग मागे टाकायचं. तिथे वजन लागतं. मी मागे झुकले की शीड माझं ऐकायचं आणि फळी अशी पळायची की पायाखालचं पाणी फरशीसारखं कडक लागायचं. आणि ती बारीक पोट्टी माझ्या मागे शिडाशी झगडत राहायची, कमान हातातून सोडून द्यायची, पुन्हा धरायची.

यावर इलाज असतो. जड माणसानं मंद वाऱ्यात मोठं शीड आणि रुंद फळी घ्यायची. हलक्यानं जोराच्या वाऱ्यात लहान शीड घ्यायचं, फळीखालचा, दिशा धरून ठेवणारा माशासारखा पर लहान लावायचा, कमान थोडी खाली आणायची, दोरीची लांबी आपल्या हातांप्रमाणे करायची. सरांनीच हे सगळं समजावून सांगितलं होतं. पण केंद्रात फळ्या सगळ्या एकाच मापाच्या होत्या, आणि लहान शीड एकच होतं. त्याचा पारदर्शक भाग मधोमध चिरलेला होता. ते शेडमध्ये गुंडाळून ठेवलेलं असायचं.

मी एकदा विचारलं, "सर, ते लहान शीड शिवून घेतलं तर? तिले जोराच्या वाऱ्यात सोपं जाईल."

"स्पर्धेत लहान शीड मिळणार नाही," सर म्हणाले. "तिथे सगळ्यांना एकच माप. तुम्ही लोक सामान बदलायचं डोक्यातून काढून टाका. शरीर बदला."

ते चिडून बोलले नव्हते. समजावून सांगत होते.

स्पर्धेसाठीची निवड चाचणी आमच्याच धरणावर व्हायची होती. ती जवळ आली तशी सर एकेकीला बोलावून घेऊ लागले. मला म्हणाले, "सकाळच्या वाऱ्यात तू मागे पडतेस. वजन कम करो, बस." त्यांनी माझी भाकरी बंद केली, भात बंद केला. सकाळी पळायचं, संध्याकाळी पळायचं. आधी मला बरं वाटलं. फळी लवकर सुटायला लागली आणि घड्याळात आकडा वाढला. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मग मी सांगितल्यापेक्षाही कमी खायला लागले. पोटातली आग सवयीची झाली. पाळी थांबली, तेही मी कुणाला सांगितलं नाही. जिन्यावर डोळ्यांपुढे काळं यायचं, तेव्हा कठडा धरून उभी राहायची आणि कुणी येत असेल तर चप्पल नीट करत असल्यासारखं करायची.

वांकिडीवालीला त्यांनी उलट सांगितलं. खा. अंडी खा, केळी खा, दूध पी. ती खायची, पण तिच्या अंगाला काही लागत नव्हतं. जेवणाच्या वेळी ती माझ्या ताटाकडे पाहून म्हणायची, "सर मले खाय खाय म्हणतेत अन् तुले खाऊ नको म्हणतेत. आपण दोघी एका ताटात जेवलो तं हिशोब बरोबर होईन."

घरून तिनं ज्वारीच्या लाह्या आणि गूळ आणला होता. मी नको म्हटलं की तिला राग यायचा. "तुया चेहरा पाह्य आरशात. डोळे आत गेले. काऊन अशी करून राह्यली?"

"तू जाकीट घालून राह्यलीस ना," मी म्हटलं. "मग मी पण करते."

जाकिटाची गोष्ट तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. आधी सरांनी तिला दोन जुने स्वेटर भिजवून घालायला लावले. ओल्या लोकरीचं वजन अंगावर आलं तशी ती जोराच्या वाऱ्यात शीड धरून ठेवू लागली. मग सरांनी एक जाकीट शिवून आणलं, जाड कापडाचं, पुढे आणि पाठीवर कप्पे. कप्प्यांमध्ये वाळूच्या थैल्या. पूर्वी समुद्रावर हलके लोक असंच करायचे, असं ते म्हणाले. ते खरं असावं. पुढे हे बंद का झालं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ते जाकीट घातलं की ती काठावर चालताना म्हातारीसारखी वाकायची. पण शिडाखाली उभी राहिली की दुसरीच व्हायची. पहिल्यांदा ती माझ्या बाजूनं सुसाट पुढे गेली, तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. काठावर आल्यावर ती घड्याळ काढायचंही विसरली आणि नुसती हसत राहिली.

"जड नाई वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. पाठ तुटून राह्यली. पण शीड हातात राह्यते वं. आयुष्यात पह्यल्यांदा राह्यलं."

एक अडचण होती. वाळूच्या जाकिटावरून तरंगायचं जाकीट बसत नव्हतं. पट्टे पुरत नव्हते. तिनं सरांना दाखवलं. सरांनी पट्टे पूर्ण सैल केले, कसेबसे अडकवले आणि म्हणाले, नवीन मोठं मागवलंय, तोवर चालेल. ते बांधल्यावरही अंगावर लोंबतच होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

मध्ये एक दिवस मी घरी गेले. मायनं दारातच माझा दंड धरला आणि सोडला नाही. बोटं फिरवून पाहिली, जणू दंड तिथे होता आणि कुठे गेला ते शोधत होती. "खायला देत नाई का तिथं?" वडील दुकानावरून आले, त्यांनी मला क्रेट उचलायला सांगितलं नाही. स्वतः उचलला. जेवताना मी ताट सरकवलं तेव्हा ते म्हणाले, "राहू दे वं तो खेळ." मी भांडले. म्हटलं, माझी निवड झाली तर तुमचंच नाव होईल.

चाचणीच्या आधीची ती सरावाची शर्यत. दुपारची वेळ. चाचणीला पाहुणे यायचे होते म्हणून काठावर मांडव घातला होता. ऊन असह्य होतं, आणि मग उत्तरेच्या डोंगरामागून ढग चढायला लागला. मासे धरणारे लोक आपल्या होड्या काठाला ओढू लागले. त्यांच्यातला एक म्हातारा सरांना हातवारे करून काहीतरी सांगून गेला. सर म्हणाले, वारा आहे तोवर शर्यत घेऊ. असा वारा रोज मिळत नाही.

आम्ही निघालो. पहिल्याच झटक्यात मला कळलं की माझ्या अंगात काही उरलेलं नाही. हाच वारा माझा होता. याच वाऱ्यात मी सगळ्यांच्या पुढे असायची. आता मी मागे झुकले तरी शीड मलाच ओढत होतं, आणि कमान सोडावी लागत होती. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. जे तिचं व्हायचं ते माझं होत होतं.

ती माझ्या उजवीकडून आली. वाळूचं जाकीट, त्यावर ते लोंबणारं नारिंगी जाकीट, अंग पूर्ण मागे टाकलेलं, जवळजवळ पाण्याला टेकलेलं. फळीचं पुढचं टोक हवेत. ओरडली, "चाल ना वं! मांगं काऊन राह्यली?" आणि पुढे गेली. सगळ्यांच्या पुढे.

मग वावधन आलं, वादळी वाऱ्याचा मोठा झपाटा. पाणी काळं होत आपल्याकडे येताना दिसतं, तसं ते दिसलं. मी शीड पाण्यात टाकून दिलं आणि फळीवर गुडघे टेकले. तिनं सोडलं नाही, किंवा सोडता आलं नाही. कमरेचा हुक दोरीत होता. शिडानं तिला उचललं आणि पुढे, फळीच्या टोकावरून फेकलं. शीड तिच्यावर पालथं पडलं.

असं पडणं आम्हाला नवीन नव्हतं. पडलं की हुक काढायचा, शिडाखालून बाजूला पोहत यायचं, डोकं बाहेर काढायचं. आता निघेल, आता निघेल, असं मी पाहत राहिले. शीड नुसतं लाटांवर वरखाली होत होतं.

मी फळी सोडून पोहत गेले. शिडाखाली हात घातला, तिचा खांदा लागला. हुक दोरीला पीळ पडून अडकला होता. तो मी सोडवला, कसा ते आठवत नाही. पण ती वर येईना. वाळू तिला खाली ओढत होती, आणि सैल नारिंगी जाकीट वर सरकून तिच्या तोंडावर आणि हातांवर चढलं होतं. त्यात तिचे दोन्ही हात अडकले होते. मी ते ओढलं, तर आणखी आवळलं. खालचं जाकीट काढायचं तर आधी वरचं निघायला हवं होतं. मी तिला काखेतून धरलं, पाय मारले, तिचं डोकं पाण्याबाहेर आणलं, आणि पुन्हा दोघी खाली गेलो. पुन्हा आणलं. जिला मी एका हातानं उचललं होतं, ती मला दोन हातांनी पेलवत नव्हती.

काठावर बचावाच्या बोटीचं इंजिन सुरू होत नव्हतं. दोरी ओढल्याचा आवाज पाण्यावरून येत होता, पुन्हा पुन्हा. शेवटी ते मासे धरणारे लोक वल्ही मारत आले. त्यांनी विळ्यानं दोन्ही जाकिटांचे पट्टे कापले.

आदिलाबादच्या दवाखान्यात तिला नेलं. मलाही त्याच गाडीत नेलं, सलाईन लावलं. शेजारच्या पडद्यामागे काय चाललंय ते मला ऐकू येत होतं, आणि मग काहीच ऐकू येईना. नर्स माझ्या हाताची शीर शोधत होती. ती तेलुगूत म्हणाली, या मुलीच्या अंगात तर काहीच नाही.

तिचे वडील आले तेव्हा त्यांच्या पायांत चिखलाची चप्पल होती, वावरातून तसेच निघालेले. सोबत केंद्राचे कुणीतरी साहेब होते. साहेबांनी त्यांना सांगितलं, अचानक वादळ आलं, मुलीचा तोल गेला, तिला पोहणं फारसं जमत नव्हतं. वडील ऐकत होते आणि मान हलवत होते. समजलं म्हणून नाही, साहेब बोलत होते म्हणून.

मी उठून बसले. हाताला सुई तशीच होती. म्हटलं, "काका, तिला माझ्यापेक्षा चांगलं पोहता यायचं. तिच्या अंगावर वाळू होती. सरांनी तिला वाळूचं जाकीट घालायला लावलं होतं."

साहेब म्हणाले, ही मुलगी धक्क्यात आहे. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वाळू? कायले?"

कायले ते मला त्या वेळी सांगता आलं नाही. रडायला आलं.

ते वाळूचं जाकीट नंतर सापडलंच नाही. कापलेले पट्टे मासे धरणाऱ्यांच्या होडीत राहिले होते, ते त्यांनी पोलिसांना दिले. सर दुसऱ्या दिवसापासून दिसले नाहीत. केंद्र बंद झालं, मुली आपापल्या गावी गेल्या.

तिच्या तेरवीला मी वडिलांना घेऊन वांकिडीला गेले. माणसं भरली होती, कापसाच्या वखारीसमोरच्या पेंडॉलमध्ये पंगत बसली होती. तिच्या मायनं मला आत चुलीजवळ बोलावलं. वाटलं, विचारेल, तू जवळ होतीस तर कशी वाचवली नाहीस. तिनं ताट वाढलं. समोर बसली. म्हणाली, "ती घरी आली का सांगे, माह्या मैतरणीले उपाशी ठेवतेत म्हणून. खाय बाई."

मी घास हातात घेऊन बसले. ती बसून राहिली. बाहेर लोक तिला हाका मारत होते, तरी उठली नाही. मी पहिला घास चावत बसले, मग दुसरा. मी खात राहिले, कारण ती पाहत होती.

नंतर मला बरेच दिवस त्रास झाला. अन्न समोर आलं की अंगावर काटा यायचा. मायनं हळूहळू, वाटीवाटीनं मला माणसात आणलं. केस गळले, पुन्हा आले. पायाचं एक हाड नुसतं पायऱ्या उतरताना चिरलं, ते जुळलं पण थंडीत ठणकतं. आता मी दुकानावर बसते. वजन परत आलंय. क्रेट मात्र वडील मला उचलू देत नाहीत.

सरांवर आणि केंद्रावर झालेली केस अजून चालू आहे. पेशीला मी जाते, आदिलाबादला. तिचे वडीलही येतात, बस बदलत बदलत. गेल्या वेळी माझी साक्ष होती. समोरच्या वकिलानं तेलुगूत विचारलं, "जाकिटानं तिचा वेग वाढला होता, हे खरं आहे?"

मी म्हटलं, खरं आहे.

"म्हणजे तिच्या फायद्यासाठीच दिलं होतं."

मी जजसाहेबांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. जोराच्या वाऱ्यात मोठं शीड धरायला वजन लागतं. वजन नसेल तर शीड लहान करायचं असतं, पर लहान लावायचा असतो. सगळं सामान माणसाच्या मापाचं करता येतं. तिथे लहान शीड होतं, फाटकं, ते कुणी शिवलं नाही. आणि मला उपाशी ठेवलं होतं. वकील म्हणाला, साक्षीदाराच्या जेवणाचा इथे संबंध नाही. जजसाहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं की नाही, मला कळलं नाही. पुढची तारीख पडली.

बाहेर आलो. बसस्टँडजवळ काकांनी चहा सांगितला. ते मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होते, पण कोर्टातलं तेलुगू त्यांना अर्धंमुर्धं कळतं. बशीत चहा ओतला आणि तसाच धरून राहिले.

"तू जजसाहेबाले वेगाचं काय सांगून राह्यली होतीस?"

मी पुन्हा सगळं सांगितलं, आपल्या बोलीत. शीड, वारा, वजन, वाळू. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं,

"मंग त्या दिवशी ती मांगं होती का पुढं?"

"पुढं होती काका. सगळ्यांच्या पुढं."

"तू पाह्यलं?"

"पाह्यलं ना. माझ्या बाजूनंच गेली. हाक मारून गेली."

त्यांनी बशी खाली ठेवली, चहा सांडला थोडा. उपरण्यानं तोंड पुसलं. आसिफाबादची बस फलाटाला लागली होती, लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत होते. मी म्हटलं, काका, जागा धरते. ते नको म्हणाले. गर्दी चढेपर्यंत थांबले आणि मग दाराचा दांडा धरून, शेवटी, उभ्यानंच गेले.